गोदलीवबाईंचं चुकलेलं क्रियापद

गोदलीव मुकानकुसी आमच्या शाळेत तिसरीला शिकवायची, मी चौथीला. शाळा किवू सरोवराच्या वरच्या टेकडीवर होती आणि आमची दोघींची घरं त्याच टेकडीच्या उतारावर. मध्ये फक्त तिचं केळीचं बन. चारचौघांत मी तिला गोदलीवबाई म्हणायचे, घरी नुसतं गोदलीव. तिचा नवरा नेस्तोर सरोवरात मासे धरायचा. सांबाझाच्या बारीक मासळीच्या वासानं त्यांचं अंगण ओळखू यायचं.

गोदलीव कडक होती. तिच्या वर्गात पोरं शिंकायलासुद्धा परवानगी मागायची असं आम्ही म्हणायचो. वीसेक वर्षं तिनं फ्रेंचमधून शिकवलं होतं आणि तिचं फ्रेंच अगदी इस्त्री केलेल्या कपड्यासारखं होतं, एक सुरकुती नाही. मग सरकारनं ठरवलं की पुढच्या वर्षापासून शाळा इंग्रजीतून चालणार. बातमी आम्ही रेडिओवर ऐकली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणी कुणाशी बोलेना. शेवटी फ्रेंच शिकवणारे कालिक्स्त गुरुजी म्हणाले, "बायको बदला म्हणाले असते तर एक वेळ विचार केला असता. जीभ कशी बदलायची?"

"तुमची बायको हे ऐकेल तर जीभ तीच बदलून देईल," गोदलीव म्हणाली. तेव्हा कुठे सगळे हसले.

तिला इंग्रजीची गरज शाळेच्या आधी घरातच पडली होती. थोरला मुलगा फोकास सरहद्दीपलीकडे युगांडात, कंपालाला गेला होता, गाड्या दुरुस्त करायच्या कामावर. तिथे त्याचं प्रॉसी नाबुकेन्या नावाच्या मुलीशी जमलं. प्रॉसी केस विणायच्या दुकानात काम करायची. तिला तिकडची लुगांडा यायची आणि इंग्रजी यायची. आमची भाषाही येत नव्हती आणि फ्रेंचही.

गोदलीवला हे लग्न नको होतं. बोलणी करायला मुलीकडची माणसं आमच्या टेकडीवर आली, तेव्हा ज्वारीच्या बियरचं मडकं मध्ये ठेवलेलं, वडीलधारे गोल बसलेले, आणि हिनं सगळ्यांदेखत म्हटलं, "सुनेला पाणी मागायला मी दुभाष्या ठेवू का? गाईलासुद्धा आमची भाषा कळते."

काहीजण हसले. प्रॉसीच्या शेजारी तिचा एक लांबचा काका बसला होता, सरहद्दीकडचा. त्याला आमची भाषा समजायची. तो तिच्या कानाशी लागला. मी समोरच होते. मुलगी खाली मान घालून बसली ती निघेपर्यंत तशीच. पुढे लग्न कंपालात झालं तेव्हा गोदलीवनं परीक्षांचं कारण सांगितलं. नेस्तोर एकटाच गेला, नवा कोट घालून.

वर्षभरानं नात झाली. फोकासनं तिचं नाव इनेझा ठेवलं. फोनवर बातमी आली आणि गोदलीव पार बदलली. आमच्याकडे बाळंतिणीला भेटायला जायची रीत आहे. दूध, ज्वारीचं पीठ, घेवडे, जे असेल ते घेऊन जायचं, तिला खाऊ घालायचं. गोदलीवनं पीठ दळून ठेवलं. पण सगळी सुट्टी इंग्रजीच्या प्रशिक्षणात गेली आणि त्याला गैरहजर राहायची कुणाची छाती नव्हती. पिठाच्या शेवटी भाकऱ्या झाल्या.

जाता येईना म्हणून ती प्रॉसीला फोनवर संदेश लिहायला लागली. शाळेच्या कपाटात फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश होता, त्याची निम्मी पानं सुटी झालेली. 'तुझी आठवण येते' असं तिला सांगायचं होतं. आता फ्रेंचमध्ये हे वाक्य उलट्या बाजूनं चालतं. जो जवळ नाही तो आधी येतो: तू मला कमी पडतेस, तुझी मला उणीव भासते, अशा धर्तीवर. गोदलीवनं शब्दकोशात ते क्रियापद शोधलं, समोर 'मिस' हा शब्द सापडला आणि फ्रेंच वाक्यातले शब्द एकेक करून बदलले. 'यू मिस मी,' तिनं लिहिलं. 'बेबी मिस मी. यू मिस मी व्हेरी मच.'

मला दाखवलंही. मी म्हटलं, "छान आहे." माझं इंग्रजी तिच्याहून बोटभर जास्त होतं, आणि बोटभर उंचीवरून फार लांबचं दिसत नाही.

प्रॉसीचं उत्तर आलं: थँक यू आई, माझी आई इथे आहे.

"बरं झालं," गोदलीव म्हणाली. "विहीण मदतीला आहे." पण चेहरा जरा उतरला. मग नव्या वर्षाला तिनं पुन्हा लिहिलं: 'यू मिस मी ऑलवेज.' त्याला उत्तरच आलं नाही. फोन केला तर प्रॉसी म्हणायची, फोकास घरी नाही. आणि ठेवून द्यायची.

एक दिवस फोकासचा फोन आला. मी तिच्याकडे घेवडे निवडत बसले होते.

"आई, तिला टोचून बोलणं बंद कर."

"मी? मी कधी बोलले? तिला माझं बोलणं कळतं तरी का?"

"कळतं. म्हणूनच म्हणतोय. एकदा बोललीस ते पुरे नाही का?"

फोन ठेवल्यावर तिनं माझ्यापुढचे घेवडे स्वतःकडे ओढले. मग मला म्हणाली, "बघ स्पेसियोज, माणूस चांगलं वागायला गेलं तरी लोक जुनंच धरून बसतात." त्या दिवसापासून तिनं सुनेचं नाव घेणं सोडलं. नातीचं मात्र घ्यायची, तेही माझ्यापाशीच.

शाळेला एक मार्गदर्शक मिळाला होता. तुमुसिमे नावाचा युगांडाचा तरुण. दर शुक्रवारी दुपारी पोरं घरी गेली की तो आम्हा सगळ्यांना पोरांच्या बाकांवर बसवायचा. गुडघे बाकाला लागायचे. तुमुसिमे भला माणूस होता. कितीही चूक उत्तर आलं तरी 'व्हेरी गुड' म्हणून मगच दुरुस्त करायचा.

त्या शुक्रवारी त्यानं फळ्यावर लिहिलं: मिस.

"हे मला येतं," कालिक्स्त गुरुजी म्हणाले. "ती सुंदऱ्यांची स्पर्धा. मुकुट घालतात. गोदलीवबाई, तुमचा काय विचार? या वयात मिस व्हायचं?"

"मी झाले तर परीक्षक म्हणून तुम्हालाच बसवीन. तसाही तुम्हाला चष्म्याशिवाय काही दिसत नाही."

तुमुसिमेनं हसू दाबलं आणि फळ्यावर एक बस काढली, तिच्या मागे हात वर केलेला माणूस. बस चुकली, तर मिस. मग चेंडू आणि गोल. नेम चुकला, तर मिस. वर्गाला एक पोरगं आलं नाही, त्याचा धडा बुडाला, तर तेही मिस. सगळ्यांना हायसं वाटलं. फ्रेंचमध्येही इथे हेच क्रियापद चालतं. असं सोपं असेल तर इंग्रजी काय, चिनी शिकू, असं कुणीतरी म्हणालं.

मग तो म्हणाला, "आता माणसांबद्दल बोलू. कुणाची आठवण येते तेव्हाही हेच. एकेक वाक्य सांगा."

गोदलीवनं हात वर केला. हे तिचं घोटलेलं वाक्य होतं. ती उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "माय ग्रँडडॉटर मिसेस मी."

"व्हेरी गुड! नात केवढी आहे?"

"पाच महिन्यांची."

तुमुसिमे हसला. "पाच महिन्यांची? आणि तिला तुमची आठवण येते? तिनं तुम्हाला पाहिलंय का?"

"नाही."

"मग तिला कशी आठवण येईल? तुम्हाला येते ना?"

"मला येते. तेच तर म्हणाले."

"नाही मॅडम. तुम्ही म्हणालात की तिला येते." त्यानं फळ्यावर एक मोठं माणूस काढलं, एक लहान, आणि मोठ्याकडून लहानाकडे बाण काढला. "ज्याच्या पोटात तुटतं तो आधी. आय मिस हर. तुमच्या फ्रेंचच्या बरोबर उलट."

सगळे "अच्छा, अच्छा" करत वहीत उतरवून घेऊ लागले. गोदलीव उभीच होती. तिच्याकडे पाहून तुमुसिमे घाबरून म्हणाला, "व्हेरी गुड मॅडम, बसा, ही चूक सगळेच करतात."

ती बसली नाही. वर्गाबाहेर गेली. मी मागोमाग गेले. पाण्याच्या टाकीपाशी ती उभी होती.

"स्पेसियोज, मी तिला काय लिहिलं?"

मी मनातल्या मनात बाण उलटा करून पाहिला. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. नुकती बाळंत झालेली सून, जिला सासूनं भर बैठकीत गाईच्या खालची ठरवली होती, तिला सासू लिहिते: येते ना माझी आठवण? खूप येते ना? आणि परत नव्या वर्षाला: कायम येतच राहील.

"तू तिला लिहिलंस," मी म्हटलं, "की आता कळली ना माझी किंमत."

गोदलीवनं टाकीच्या कडेवर हात टेकले. "आणि तिनं उत्तर दिलं, माझी आई इथे आहे." मग तोंडावर पाणी मारून म्हणाली, "चांगलं उत्तर दिलंन. मी असते तर याहून वाईट दिलं असतं."

मी म्हटलं, फोकासला फोन कर, तो समजावून सांगेल. ती नको म्हणाली. "लिहिलं मी, बोलेनही मीच. फोनवर परत काही उलटं निघालं तर? मी जाते. आणि तू येतेस."

"मी कशाला?"

"'छान आहे' कोण म्हणालं होतं?"

त्या आठवड्यात सत्र संपलं. आम्ही निघालो. बरोबर ज्वारीचं पीठ, घेवड्याची पिशवी, नेस्तोरनं वाळवून दिलेली सांबाझा. राजधानी किगालीहून सकाळची बस धरली. बसभर मासळीचा वास सुटला आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू वास दुसऱ्याच कुणाचा. गोदलीव पुटपुटत होती: आय मिस यू. आय मिस यू. सरहद्द ओलांडल्यावर तिकडच्या नियमानं बस रस्त्याच्या डाव्या बाजूला गेली तरी तिचं तेच. शेवटी पुढच्या बाकावरचा एक जाडजूड व्यापारी मागे वळला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "बाई, कोण आहे हो तो भाग्यवान? आमच्या बायकोनं उभ्या जन्मात एकदा म्हटलं नाही."

"तो नाही, ती," गोदलीव म्हणाली. "सून."

व्यापाऱ्यानं टोपी काढली. "सुनेला? मग देवच पावला तिला." आणि पुढे वळून झोपी गेला.

त्यांची खोली कंपालातल्या नातेते भागात होती, लाकडाच्या वखारींच्या पलीकडे. फोकास कामावर होता. दार प्रॉसीनं उघडलं. आम्हाला पाहून तिनं दारातच गुडघे टेकून आमचं स्वागत केलं, त्यांची रीतच तशी आहे. आवाज मऊ होता, चेहरा मात्र बंद दारासारखा. तिनं आम्हाला बसवलं. गोदलीव बसेना. पिशव्या हातातच धरून, उभ्या उभ्या, छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आय मिस यू."

प्रॉसीच्या कपाळावर आठी पडली.

"आय. नॉट यू मिस मी. आय." बोटानं स्वतःलाच टोचत होती. पुढचं इंग्रजी तिच्यापाशी नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगायला गेले आणि माझंही इंग्रजी संपलं. मग टेबलावरचे दोन कप ओढले. हा कप सासू, हा कप सून. फ्रेंचमध्ये जो कप इथे नाही त्याचं नाव आधी घेतात, इंग्रजीत ज्या कपाला वाईट वाटतं त्याचं. यांनी फ्रेंचचे कप जागेवरून न हलवता नुसते इंग्रजी रंगवले. मला वाटलं, आणखीच गोंधळ केला. पण प्रॉसी कपांकडे बघत होती. ती आत गेली, फोन आणला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"यू मिस मी. बेबी मिस मी." तिनं वर पाहिलं. "म्हणजे हे सगळं... तुम्हाला माझी? आणि बाळाची?"

"येस," गोदलीव म्हणाली. "व्हेरी मच."

"मला वाटलं, तुम्ही म्हणताय, बघ, पडली ना गरज! मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, या बाईच्या दारात पाऊल टाकू नकोस." आणि प्रॉसी हसली. मीही हसले, सुटल्यासारखं. गोदलीवही हसायला लागली होती, तेवढ्यात प्रॉसीचं हसू थांबलं.

"पण आई, त्या दिवशी लग्नाची बोलणी करताना तुम्ही जे म्हणालात, त्याचं काय?"

मी गोदलीवला ते आमच्या भाषेत सांगितलं. मला वाटलं, आता हेही ती शब्दांवर ढकलेल. जागा होती ढकलायला: काकानं नीट सांगितलं नाही, थट्टा होती, आमच्याकडे असं बोलतातच. माझ्या ओठांवर हे सगळं तयार होतं.

गोदलीवनं पिशव्या खाली ठेवल्या. "तिला सांग, ते मी माझ्या भाषेत बोलले होते. त्यात व्याकरणाची चूक नव्हती. मनात होतं तेच बोलले. मनच वाईट होतं."

मी सांगितलं. शब्द कमी पडले, पण सांगितलं.

प्रॉसी वळली. आत जाऊन तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, झाकण वाजलं. परत आली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मी जेवले नाही. परत येताना बसमध्ये फोकासला म्हणाले, मोडून टाकू लग्न."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," गोदलीव म्हणाली.

पडद्यामागे बाळ रडायला लागलं. प्रॉसीनं तिला आणलं, पाजलं. गोदलीव मांडीवर हात ठेवून बसली होती. बाळ मागितलं नाही, हात पुढे केले नाहीत. पाजून झाल्यावर प्रॉसी उठली, इकडेतिकडे बघितलं, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "धरा जरा. मला केळी सोलायचीत." सांगितलं कामासारखं, पण जाताना दारातून एकदा वळून पाहिलं.

संध्याकाळी फोकास आला, हात कोपरापर्यंत काळे. आई, बायको आणि पोरगी एकाच चटईवर बघून तो दारातच उभा राहिला. "कोण मेलं?" त्यानं आधी विचारलं. मग सगळं ऐकल्यावर म्हणाला, "एवढ्याशा शब्दासाठी?" त्यावर दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या, एक आमच्या भाषेत, एक इंग्रजीत. त्याला दोन्ही कळत होत्या हे त्याचं दुर्दैव.

आम्ही आठवडाभर राहिलो. केळ्यांवरून रोज वाद. प्रॉसी ती पानांत गुंडाळून वाफवायची, गोदलीवला घेवड्यात घालून शिजवायची असायची. कापा, ठेवा, आणा, झाका, ही क्रियापदं तिला त्या चुलीपाशी जितकी आली तितकी तुमुसिमेच्या बाकावर आली नव्हती, कारण प्रॉसी 'व्हेरी गुड' म्हणत नव्हती. ती सरळ म्हणायची, "चूक. परत म्हणा."

एका सकाळी गोदलीव स्वेटर घालून बाहेर आली तेव्हा प्रॉसी म्हणाली, "आई, यू मिस्ड अ बटन."

गोदलीव माझ्याकडे वळली. "काय म्हणते ही? मला कशाला बटणाची आठवण येईल?"

मी तिच्या पोटाकडे बोट दाखवलं. एक बटण लावायचं राहिलं होतं.

"किती कामं करून घेतात हे लोक एका शब्दाकडून," ती बटण लावत म्हणाली. "गाढवालासुद्धा रविवारी सुट्टी असते."

परत आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. सासू-सुनांचं पुढेही वाजलं. इनेझाच्या बाप्तिस्म्यावरून वाजलं, फोकासनं घर कुठे बांधायचं त्यावरून तर वर्षभर अबोला होता. फरक इतकाच की आता भांडण व्याकरणशुद्ध व्हायचं, आणि गोदलीव लिहिलेला प्रत्येक संदेश पाठवायच्या आधी फोकासला नाही, प्रॉसीलाच फोन करून विचारायची: मी तुला असं असं लिहिणार आहे, ते रागाचं होतं का? प्रॉसी म्हणायची, होतं. मग ही म्हणायची, बरं, मग बरोबर आहे, पाठवते.

शाळेत शिक्षकांची इंग्रजीची परीक्षा झाली. गोदलीव सगळ्यांत खालच्या गटात आली, मी तिच्या वरच्या. कालिक्स्त गुरुजींनी परीक्षा दिलीच नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि मधमाश्या पाळल्या. मध चांगला असतो त्यांचा. गोदलीव टिकली. 'बसा', 'उभे राहा', 'पुस्तक उघडा' इंग्रजीत, आणि पोरांच्या डोळ्यांत धुकं दिसलं की दार लोटून आमच्या भाषेत. मुख्याध्यापिका दाराबाहेरून जाताना मुद्दाम खोकायच्या. तिची पोरं पुढच्या वर्षी माझ्याकडे यायची. त्यांचं इंग्रजी यथातथाच असायचं, पण 'कुणाला काय वाटतं' अशी वाक्यं ती कधी चुकवायची नाहीत. त्या बाणाचा सराव तिनं त्यांच्याकडून घटवून घेतलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. निरोपाला सगळी शाळा पटांगणात बसली होती, पाहुणे होते, आणि भाषण इंग्रजीतच करायचं असं तिनंच ठरवलं होतं. बरं चाललं होतं. क्रियापदांचे काळ इकडचे तिकडे झाले, पण थांबली नाही. निम्म्यावर आली तोच खालून नेस्तोर धापा टाकत चढून आला आणि कुंपणापलीकडून ओरडला, "अगं, गाय अडलीय!"

गोदलीवनं पाहुण्यांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि आमच्याच भाषेत म्हणाली, "उरलेलं स्पेसियोज सांगेल." चपला हातात घेऊन ती उतारावरून धावत सुटली. कालवड झाली. मी भाषण पुरं केलं, पण ते कुणी ऐकलं नाही. सगळी पोरं कुंपणाला लटकून गोठ्याकडे बघत होती.